ईयोबाची फिर्याद

बायबलात सहासष्ट पुस्तके असताना पांडेसऱ्यातल्या मराठी विश्वासी मंडळींपुढे ईयोबाचेच पुस्तक का ठेवायचे, याचे निम्मे उत्तर पांडेसऱ्याकडे पाहिले की मिळते. सुरतेत उधन्याला लागून असलेली ही जीआयडीसी म्हणजे डाईंग-प्रिंटिंगच्या गिरण्यांची वसाहत. लूमवरून उतरलेले ग्रे कापड इथे येते, उकळत्या पाण्यात रंगते, छापले जाते, स्टेंटरवर ताणून वाळते आणि साडी होऊन बाजारात जाते. ते काम करणारे हात ओडिशातल्या गंजामचे, उत्तर प्रदेश-बिहारचे आणि खानदेशचे. खानदेशी माणूस आला तो ताप्ती लाइनने: जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर आणि शेवटी उधना. नवापूरचे स्टेशन तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. त्याच गाड्यांनी नंदुरबार-नवापूर पट्ट्यातली ख्रिस्ती कुटुंबेही आली आणि येताना मराठी शास्त्र घेऊन आली. पाळी बारा तासांची, खोली भाड्याची, काम बहुधा ठेकेदारामार्फत. अशा जगण्यात हात मशीनमध्ये जाणे, वाफेने भाजणे, लेकरू तापाने दगावणे ही रोजच्या हवेतली भीती असते. ज्याच्यावर ते ओढवते त्याने बहुतेक वेळा त्यासाठी काहीच केलेले नसते. मग रविवारच्या भक्तीत तो माणूस मागच्या रांगेत बसून मनात जे विचारतो, तेच ईयोबाने उघड विचारले आहे.

या वाचनामागचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दुःखाला कारण पुरवणारी श्रद्धा संकटात आधी मोडते आणि मोडताना दुःखी माणसालाच आरोपी करते. जी श्रद्धा अन्यायाने आलेल्या दुःखाला अन्याय म्हणू देते, देवापाशी तक्रार गुदरू देते आणि तरी देवाकडे पाठ फिरवत नाही, ती टिकते. हे मत मी शास्त्राबाहेरून आणलेले नाही. शास्त्रातच त्याचा खटला चाललेला आहे, निकालही तिथेच लागला आहे. फक्त तो निकाल आपण वाचून दाखवत नाही.

ईयोबाची कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण बहुतेकांना ठाऊक असतो तो पहिल्या दोन अध्यायांतला सोशिक ईयोब. राखेत बसून खापराने अंग खाजवणारा आणि तोंडातून वावगा शब्द न काढणारा. पुस्तकाला बेचाळीस अध्याय आहेत आणि तिसऱ्यापासून हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देत उठतो, हे उपदेशातून गळते. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर दुरून येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट बसतात. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच. तोंड उघडल्यावर अलीफज विचारतो की निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे काय. बिल्दद त्याच्या मेलेल्या मुलांवरच बोट ठेवतो, त्यांनी पाप केले असेल म्हणून गेली. सोफरला तर वाटते, देवाने शिक्षेत सूटच दिली आहे. तिघेही देवाची बाजू घेत आहेत आणि त्यांची भाषा इतकी भाविक आहे की त्यांची वाक्ये आजही शोकसभेत बिनदिक्कत खपतील. शेवटी देव वावटळीतून बोलतो, तेव्हा ईयोबाला कारण सांगत नाही. पण अलीफजाला मात्र स्पष्ट सुनावतो की तू आणि तुझे दोघे सोबती माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाचा बचाव करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला. पस्तीस-छत्तीस अध्यायांच्या वादावर असा निकाल देणारे पुस्तक ज्यांनी पवित्र शास्त्रात ठेवले, त्यांच्या धैर्याचे मला नेहमी नवल वाटते.

आता पहिला आक्षेप आपल्याच मातीतला आहे. कर्मविपाक मानणारा म्हणेल, ‘अन्यायाने आलेले’ दुःख असे काही नसतेच, या जन्मी दिसत नसेल तर हिशेब मागल्या जन्मीचा आहे. तर्काने पाहिले तर ही मांडणी भक्कम आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. तिची अडचण वेगळी आहे. तिच्या वहीत प्रत्येक रकमेला खाते सापडते, पण त्यामुळे कोणतीही रक्कम चुकीची म्हणता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून नेमका हाच प्रश्न विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? जन्माआधीच पाप कसे झाले असेल, असेही त्यांना वाटत नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांच्या कामाला लागतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेल्याची बातमी आहे. ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे विचारून येशूच ‘नाही’ म्हणतो. तिथेच पश्चात्तापाची ताकीदही आहे आणि काही पाळक तिच्यावर जोर देतात. पण ती ताकीद ऐकायला उभ्या असलेल्या जिवंत माणसांना आहे. ढिगाऱ्याखालच्या अठरा जणांवर तिचा एक शब्द नाही.

सुरतेला स्वतःचे बुरूज आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली, लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली आणि घरे दिवसेंदिवस पाण्यात राहिली. दोन्ही वेळा मेलेले लोक सुरतेतले सर्वांत पापी होते असे कोणी म्हणणार नाही, आणि तरी ‘कोप’ हा शब्द अशा वेळी जिभेवर येतोच. प्लेगनंतर महापालिकेत आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कोपाचा विचार करण्यात वेळ घालवला नाही. कचरा उचलला, गटारे साफ केली, अतिक्रमणे पाडली, आणि अत्यंत घाणेरडे म्हणून गाजलेले शहर देशात स्वच्छतेसाठी नावाजले गेले. दुःखाला दैवी कारण चिकटवले की तुंबलेले गटार दिसेनासे होते. मला कारणाचा कंटाळा आहे असे कोणी समजू नये. गटाराचे, धरणाचे, बॉयलरचे कारण शोधलेच पाहिजे. माझा विरोध आहे तो भोगणाऱ्याच्या चारित्र्यात कारण शोधण्याला.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत मोठा पुरावा पंडिता रमाबाईंचे आयुष्य आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि धर्मनिष्ठ. तीर्थे, पुराणकथन, दानधर्म यांतच सगळी मिळकत गेली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात ते, पत्नी आणि थोरली मुलगी एकामागून एक गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पुण्याच्या वहीवरचा त्यांचा विश्वास तिथे उडाला असेल तर नवल नाही. पण आपल्या विषयाला महत्त्वाचा भाग पुढचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी वाद घालणे थांबवले नाही. ज्या धर्मभगिनींनी तिथे त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच सिद्धान्तांवरून त्यांचा कडक पत्रव्यवहार झाला. छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे १९०० च्या सुमारास, त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये गुजरातेतल्या निराधार मुलीही आणल्या गेल्या. स्वतः दुष्काळात सगळे गमावलेल्या बाईने त्यांना जवळ घेतले. नव्या श्रद्धेने काही संरक्षण दिले असते, तर इथे त्याचे फळ दिसायला हवे होते. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा, आश्रमाची पुढची धुरा जिच्यावर येणार होती ती, गेली. रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याच्या कामाला लागलेल्या होत्या, त्या पुढेही लागूनच राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. भक्तीचा मोबदला म्हणून सुख मिळते या समजुतीला त्यांच्या चरित्रात एकही आधार सापडत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून अवघड, कारण तिथे दुःख श्रद्धेतूनच आले. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि न विचारता एका संसाराचे दोन तुकडे झाले. नवऱ्याला प्रभू मिळाला, बायकोला वर्षानुवर्षांची ताटातूट आणि लोकांची बोलणी. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारा जाणतो की बाईंनी ते झाकले नाही, गोडही केले नाही. खट्याळपणे, कधी रडत, नवऱ्यालाही न सोडता सांगितले. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले, त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच. तक्रार आणि भक्ती एकाच लेखणीतून उतरू शकतात, हे मराठी ख्रिस्ती वाचकाला परदेशी पंडिताकडून शिकायला नको.

खरे तर त्याही आधीपासून ते आपल्याकडे आहे. १६३०चा दुष्काळ दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे होता. पीटर मंडी हा इंग्रज त्या वर्षी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला, तेव्हा तापीच्या वाटेवर त्याने प्रेतांचे खच पाहून नोंदवले. आज खानदेशी माणूस पांडेसऱ्याला येतो ती वाट जवळपास तीच, फक्त उलट्या दिशेची. त्याच दुष्काळात देहूला तुकारामांची पहिली बायको आणि मुलगा गेला, दुकानदारी बुडाली. त्यानंतरचे तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, त्याला बोल लावतात, आणि विठ्ठलाला सोडत नाहीत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. मला वाटते त्या पुलाची एक कमान या भांडणाची होती. ‘उपासना संगीता’त टिळकांची गीते गाणाऱ्या मंडळीला देवाशी तंडणे परके वाटण्याचे कारण नाही.

मंडळीच्या आतूनच एक आक्षेप येतो आणि तो शास्त्राच्या आधाराने येतो. पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की संकटाने धीर उत्पन्न होतो, आणि देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. इब्री लोकांस पत्रात दुःख हे बापाचे शासन ठरते. मग कारण नाही असे कसे म्हणता? पण ही वाक्ये कोण कोणाला म्हणतो ते पाहावे. पौल फटके आणि तुरुंग स्वतः सोसलेला माणूस आहे आणि तो ‘आपण’ म्हणून बोलतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सारी सृष्टी कण्हत आहे असेही तो सांगतो, आणि त्या कण्हण्याला गप्प करत नाही. आपल्या जखमेकडे मागे वळून पाहून माणूस ‘यातून देवाने मला घडवले’ म्हणू शकतो, तो त्याचा अधिकार. तेच वाक्य दुसऱ्याच्या ताज्या जखमेवर ठेवले की आपण अलीफज होतो.

याहून घातक अशी एक शिकवण आहे, की विश्वास कमी पडला म्हणून रोगी बरा झाला नाही. भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या प्रार्थनासभांमध्ये बरे होण्यासाठी प्रार्थना होतात आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. दवाखान्याचा खर्च ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याने देवाकडे आरोग्य मागू नये तर काय मागावे? पण साक्ष द्यायला उभा राहतो तो बरा झालेला. ज्याचा मुलगा गेला त्याच्यापाशी सांगण्यासारखी साक्षच नाही, असे ठरून जाते. काही महिन्यांनी तो यायचा बंद होतो आणि मंडळी म्हणते, विश्वासात ढिला पडला. स्तोत्रसंहितेत दीडशेपैकी जवळपास तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही न जोडता. ते स्तोत्र ज्याने रचले त्याला मंडळीने बाहेर काढले नाही, त्याचे गाणे मंदिरात ठेवले. आपल्या रविवारच्या भक्तीत अशा साक्षीला जागा हवी, एवढी एक व्यवहाराची सूचना या प्रस्तावनेत करून ठेवतो.

बाहेरून येणारा आक्षेप निराळा. हे लोक दुखण्या-खुपण्याला औषध आणि पोटाला आधार मिळाला म्हणून ख्रिस्ती झाले, असे म्हटले जाते. गुजरातेत २००३ पासून याविषयी कायदाच आहे: बळ, प्रलोभन किंवा फसवणूक यांनी केलेले धर्मांतर गुन्हा ठरते, आणि बळाच्या व्याख्येत दैवी अवकृपेची धमकीही येते. कायद्याच्या गुणदोषांत इथे शिरत नाही. जाता जाता इतकेच, की ‘देवाच्या रागामुळे तू आजारी आहेस’ असे म्हणणाऱ्या उपदेशकाला ईयोबाचा देवही दोषी धरतो. पण हा आक्षेप मुळात फार जुना आहे. ईयोबाच्या पहिल्याच अध्यायात सैतान देवाला हेच विचारतो: ईयोब देवाचे भय बाळगतो ते काय फुकट? कुंपण घातलेस, संपत्ती दिलीस, म्हणून तो भजतो. काढून घे, मग बघ. म्हणजे पोटार्थी भक्तीची शंका शास्त्राने टाळलेली नाही, सगळे पुस्तकच तिच्या परीक्षेवर उभे केले आहे. तिचे उत्तर वादाने देता येत नाही. मदत संपल्यावर, प्रार्थना फळली नाही असे दिसल्यावर, १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगात प्रार्थनाघरांवर हल्ले झाल्यावरही जी माणसे देवाचे नाव घेत राहिली, त्यांनी ते आपल्या परीने दिले. छळाचे दुःख निदान ओळखीचे असते, त्याला शुभवर्तमानात मान आहे. मशीनमध्ये गेलेल्या हाताला तोही मान नाही, आणि म्हणून माझ्या मते परीक्षा तिथे जास्त कडक आहे.

‘धर्म ही अफू आहे’ या आक्षेपाला मी हलका मानत नाही. सोसा, वरती मिळेल, असे सांगून मजुराला गप्प बसवणारा उपदेश सगळ्या धर्मांत झाला आहे, आपल्यातही. पण ईयोबाच्या तोंडी जी भाषा आहे ती कोर्टाची आहे: पुरावा, साक्षीदार, मध्यस्थ, आणि शेवटी सही करून दिलेला जबाब. चोविसाव्या अध्यायात तो आपले दुःख बाजूला सारून मजुरांविषयी बोलतो. पेंढ्या वाहणारे उपाशी, तेल गाळणारे आणि द्राक्षे तुडवणारे तहानलेले, रात्रभर थंडीत अंगावर कापड नसलेले. हजारो मीटर कापड रोज उतरते त्या वसाहतीत हे वाचताना कोणालाही भाष्याची गरज पडू नये. एकतिसाव्या अध्यायात तो शपथेवर सांगतो की नोकराने माझ्यावर दावा केला तेव्हा मी तो झिडकारला नाही, मोल न देता जमिनीचे फळ खाल्ले नाही. हे वाचून कोणी गुंगीत जाईल असे वाटत नाही. कायद्याखाली अपघाताची भरपाई मागणे आणि गुडघे टेकून प्रार्थना करणे यांत विरोध आहे, असे ज्याला वाटते त्याने ईयोब अर्धाच वाचला आहे. मार्च २०२० च्या अखेरीस लॉकडाऊनमध्ये पांडेसऱ्यातले कामगार घरी जायला मिळावे म्हणून रस्त्यावर आले, पोलिसांशी चकमक झाली, धरपकड झाली. मेमध्ये करमाडजवळ जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा जण मालगाडीखाली चिरडले गेले. ‘देवाची मर्जी’ म्हणून यांवर पडदा टाकणे ही श्रद्धा नव्हे. ती तर देवाच्या नावावर दुसऱ्यांची बाकी खपवणे झाले.

शेवटचा आक्षेप मात्र असा आहे की त्याला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि लोक चर्चमध्येच चिरडले गेले. हे जग शक्य तेवढ्यांत उत्तम आहे, या लायब्निट्सच्या मतावर व्होल्तेर त्यानंतर तुटून पडला. पुढे दस्तयेव्हस्कीच्या इव्हान कारामाझोव्हने विचारले की एका लेकराच्या छळावर उभा राहणारा स्वर्ग घ्यायचा कशाला. सर्वसमर्थ आणि प्रेमळ देव हे कसे होऊ देतो? व्होल्तेरचा राग मला ईयोबाच्या रागाचा भाऊबंद वाटतो. फरक इतकाच की ईयोबाला रागावायला समोर कोणी आहे. ख्रिस्ती श्रद्धेपाशी इथे स्पष्टीकरणाऐवजी एक घटना आहे. वधस्तंभावर येशू देवाने आपल्याला टाकले असे ओरडतो, आणि मत्तय व मार्क हे दोघेही ती आरोळी झाकत नाहीत. म्हणजे अन्यायाने मारला गेलेला माणूस आणि देव यांच्यात ख्रिस्ती माणसाला बाजू निवडावी लागत नाही. एवढ्याने लेकरू परत येत नाही. ईयोबालाही शेवटी गुरेढोरे दुप्पट मिळाली, दहा मुले नवी झाली, पण पहिली दहा परत आल्याचे पुस्तक म्हणत नाही. एवढ्यावर ज्यांचे समाधान होत नाही आणि जे निघून जातात, त्यांना मी दोष देणार नाही. माझा दावा मर्यादित आहे: हिशेबी श्रद्धेला दुःख खोटे पाडते, फिर्यादी श्रद्धेला ते तसे खोटे पाडू शकत नाही, कारण तिने हिशेब जुळण्याचे वचन कधी दिलेच नव्हते.

वाचनाच्या क्रमाविषयी एक खुलासा करतो, कारण जुन्या वाचकांना तो खटकेल. इथे सुरुवात तिसऱ्या अध्यायापासून केली आहे, आणि सैतानाशी देवाचे बोलणे ज्यांत येते ते पहिले दोन अध्याय शेवटी, बेचाळिसाव्यानंतर घेतले आहेत. छापील क्रमाने वाचले की आपल्याला आधीच ठाऊक असते की ही परीक्षा आहे, ईयोब निर्दोष आहे आणि वर कोणी पाहत आहे. मग मित्रांवर हसणे सोपे जाते. ईयोबाला यातले काहीही ठाऊक नव्हते. देव बोलला तेव्हाही त्या संभाषणाचा त्याला पत्ता लागू दिला नाही. त्याला जेवढे माहीत होते तेवढ्यावरच वाचकाने पस्तीस-छत्तीस अध्याय काढावेत, आणि मधेच अलीफज पटू लागला तर तिथे थांबून तसे मंडळीत मोकळेपणाने सांगावे.